कागदी फिल्टर

गॅरेजवाल्या उमाकांतने उल्काच्या गाडीतला एअर फिल्टर उपसून काढला आणि तिरपा धरला, तसे त्यातून तेलाचे दोन थेंब त्याच्या चपलेवर पडले. त्याने चपलेकडे पाहिले, मग उल्काकडे.

"कोण केलंय हे?" गोकाककडचा असल्याने तो मराठी बोलायचा, पण आपल्या पद्धतीने. "स्वल्प ऑइल लावायचं असतंय ह्याला. हा तर तळून काढलाय!"

"मीच लावलं," उल्का पटकन म्हणाली.

मागे स्टुलावर बसलेल्या आप्पाजींनी मान वर केली.

हा लाल, कापडी, धुऊन पुन्हा वापरायचा फिल्टर तिच्या नवऱ्याने, संग्रामने, चार व्हिडिओ पाहून मागवला होता. गाडी म्हणे उडणार होती. उडाली नाही, नुसती गुरगुरायला लागली. गेल्या आठवड्यात तिच्या सासऱ्यांनी, आप्पाजींनी, तो आपणहून धुतला, वाळवला आणि त्याला तेल पाजले. निपाणीच्या डेपोत पस्तीस वर्षे बस दुरुस्त केलेल्या माणसाला कोण काय सांगणार? आणि काल बोम्मसंद्र्याला कामावर जाताना गाडी फ्लायओव्हरच्या चढावर अशी मलूल झाली की मागच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून उल्काला रडकुंडीला आणले.

ते तिने घरी सांगितले, तिथेच चुकले. सासूबाई गेल्यापासून आप्पाजी निपाणीला एकटेच राहत. दोन महिन्यांपूर्वी तिनेच हट्टाने त्यांना बनशंकरीला आपल्या घरी आणले होते. पण हातांना काम नाही म्हणून ते दिवसेंदिवस गप्प होत गेले आणि कालचे ऐकून तर म्हणाले, "रविवारच्या बसनं मी जातो पोरी. तिकडंच बरं मला." त्यांनी जाऊ नये असे तिला मनापासून वाटत होते, आणि उमाकांतपुढे त्यांची शोभा झाली असती तर ते रविवारपर्यंतही थांबले नसते.

"तिनं न्हाई," आप्पाजी उठून पुढे आले. "मी लावलंय. आमच्या जुन्या बसच्या फिल्टरला खाली तेलाचं भांडंच असायचं. खुणेपर्यंत भरायचं. मला वाटलं, तसंच."

उमाकांतचा आवाज खाली आला. "तसं नाही अज्जा. ह्याच्या पुढं सेन्सर असतोय, हवा किती आली ते मोजणारा. त्याला तेल लागलं की त्याचं माप चुकतंय. मग गाडी ओढत नाही."

"सेन्सर," आप्पाजी म्हणाले. "दाखीव बघू."

उमाकांतने सेन्सर काढून दाखवला, स्प्रे मारून साफ केला. आप्पाजी चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. मग त्यांनी फिल्टरच्या पुढच्या पाइपमध्ये बोट घातले आणि बाहेर काढून अंगठ्यावर चोळले.

"खरखर लागतीय. फिल्टरच्या पुढं धूळ कशी आली?"

उमाकांतनेही बोट घालून बघितले. आप्पाजींनी फिल्टर बसतो त्या डब्याचे झाकण चहूबाजूंनी दाबून पाहिले. एका कोपऱ्यातली क्लिप सैल होती, झाकण तिथे केसभर उचलत होते.

"फिल्टर कुठलाबी घाल, धूळ हितनंच आत जाणार."

"सरी अज्जा, बरोबर आहे तुमचं," उमाकांत म्हणाला आणि क्लिप शोधायला आत गेला. येताना कागदी फिल्टरही घेऊन आला. "कुठला घालू मेडम? कापडी धुऊन देतो, पिकअप थोडा जास्त मिळतोय. कागदीवाला बारीक धूळ अडवतोय, पण धुता येत नाही. बदलायचा."

उल्काने आप्पाजींकडे पाहिले. "तुम्ही सांगा."

"तुझ्या वाटंवर मेट्रोचं खोदकाम हाय न्हवं? मग कागदी. पिकअप काय, गिअर खाली टाकला की मिळतोय."

त्यांनी फिल्टर उजेडाकडे धरून घडीन् घडी तपासली, कडेच्या रबरावरून बोट फिरवले आणि डब्यात स्वतःच बसवला. नवी क्लिप लावल्यावर झाकण पुन्हा चहूबाजूंनी दाबून पाहिले. इंजिन सुरू झाले, तेव्हा त्यांनी डोळे मिटून ऐकले. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा दिसत होता!

उमाकांत स्टिकरवर आकडा लिहू लागला. "पुढचा फिल्टर वीस हजार किलोमीटरला."

"वीस कुठलं? ह्या धुळीत पाच हजारला उघडून बघाय पायजे." आप्पाजी उल्काकडे वळले. "पाच हजार कवा हुतील तुझं?"

"पाच महिने तरी लागतील."

"म्हंजे संक्रांतीला. त्या दिवशी गाडी कुठं न्हेऊ नको. सकाळीच खोलतो मी."

बोलून ते दार उघडून पुढच्या सीटवर बसलेसुद्धा. रविवारी जायचे म्हणणारे आपण काय बोलून बसलो, हे त्यांच्या ध्यानात यायच्या आत उल्काने गाडी रस्त्यावर आणली.