राजपुत्र सुटला कसा

पेन्येंगात बेटावर निकाहाआधी नवरीच्या घरची जुनी हस्तलिखित कथा मोठ्याने वाचतात, आणि राजपुत्र कैदेत असताना पोथी मिटत नाहीत. मिटली तर नव्या जोडप्याचा संसार अडकतो म्हणतात. ही पोथी वाचणाऱ्या राफिआ मावशींनी आजवर पुष्कळ राजपुत्र वेळेवर सोडवले होते. बिस्मिल्ला म्हणून पान उघडायचं आणि पदरचा एक शब्दही घालायचा नाही, हा त्यांचा नेम.

जुराइदाच्या लेकीच्या लग्नात राजपुत्र राक्षसाच्या गुहेत अडकला. मावशींनी पान उलटलं, तर पुढे नुसता भुगा. खराब होऊ नये म्हणून जुराइदाने ती पोथी पिवळ्या कापडात बांधून पेटीत ठेवली होती, कधी उघडली नव्हती. वाळवीने मात्र मन लावून वाचली होती.

“थांबलात का, मावशी?” जुराइदा स्वयंपाकघरातून धावत आली. दारात वऱ्हाडाचे डफ वाजत होते.

“पानं खाल्लीत गं वाळवीने.”

“मग सुटला म्हणा आणि मिटा! काझीसाहेब केव्हाचे घाम पुसतायत.”

“लिहिलेलं नाही ते कसं म्हणू?”

“अहो, वरात परत जाईल! माझ्या पोरीचं काय?”

“पुढचं शाबूत पान वाचते.”

पुढच्या पानावर राजपुत्र सासऱ्याच्या पंगतीत बसला होता. शेजारी राक्षस होता. राक्षसाने आणखी भात मागितला.



“राक्षस नवरीचा मामा निघाला असणार,” आत आलेली वरमाई म्हणाली.

“माझ्या भावावर घसरू नका हं!” जुराइदा कडाडली.

“कैदेतसुद्धा जेवायला घालतात म्हणा,” एक शेजारीण पुटपुटली.

आतून नवरी ओरडली, “अगं आई, राक्षसालाच वाढतायत म्हणजे कैद कुठली? मिटलंय त्यांचं! निकाह लावा, या मुकुटाने माझं डोकं उठलंय.”

मावशींनी ते पान पुन्हा एकदा मनात वाचलं. पोरीने पदरचं काही घातलं नव्हतं. अल्हम्दुलिल्लाह म्हणून त्यांनी पोथी मिटली.

निकाह लागला. पंगतीत नवऱ्या मुलाकडे कोणी बघितलं नाही. राक्षस कसा वळला यावर दोन्हीकडच्या बायका हमरीतुमरीवर आल्या होत्या. भांडी आवरून जुराइदा मावशींजवळ येऊन टेकली.

“मावशी, राजपुत्र गुहेत गेलाच कशाला? मी तेव्हा मसाला वाटत होते.”

“हात धुऊन ये,” पोथीचं पिवळं कापड सोडत मावशी म्हणाल्या.