डाव्या गालावरचा ठिपका

मी एक गोलकीपर बोलतोय. खरं सांगायचं तर मी गोलकीपरचं कार्ड आहे. पण इतकी वर्षं एकाच माणसाचं तोंड अंगावर वागवलं की आपण कार्ड की माणूस, हा फरक फारसा उरत नाही. मी तळहाताएवढा. माझ्या अंगावर हिरवं मैदान आहे आणि त्यावर आडवा, हवेत तरंगणारा एक तरुण. हात लांबवलेले, तोंड उघडं, चेंडू बोटांच्या अगदी पुढ्यात. जन्मल्यापासून मी असाच हवेत आहे. बाकीचे खेळाडू निदान दोन पायांवर उभे तरी असतात.

माझा जन्म छापखान्यातला. एका मोठ्या कागदावर आमचा अख्खा संघ खांद्याला खांदा लावून छापला गेला आणि शाई वाळते न वाळते तोच कटिंग मशीननं आमची ताटातूट केली. मग आमची रवानगी झाली मोज्यांच्या पाकिटांत. मोजे विणणाऱ्या एका कंपनीनं दर जोडीमागे एक खेळाडू फुकट द्यायचं ठरवलं होतं. लोक दुकानात पाकीट उजेडासमोर धरून आत कोण आहे ते बघायचे. गोल मारणारा निघाला की मोजे घ्यायचे. मी निघालो की रंग पसंत नाही म्हणून परत ठेवायचे. गोल अडवणाऱ्याला जगात मान नाही, हे मी तिथेच शिकलो.

शेवटी मला घरी नेलं ते पोस्टातल्या एका बाईंनी, कारण त्यांना खरोखरच मोजे हवे होते. त्यांनी मला खूण म्हणून एका जाडजूड पुस्तकात घातलं. पुस्तक होतं पोटाच्या विकारांवरचं. त्या घरात सगळ्यांची पोटं दगड पचवतील अशी, त्यामुळे ते पुन्हा कोणी उघडलंच नाही. अपचन आणि मूळव्याध या दोन प्रकरणांच्या मध्ये मी वर्षानुवर्षं पडून राहिलो. ना ऊन, ना धूळ, ना माणसाचा हात. पुढे माझ्या चार कोपऱ्यांची लोकांनी तोंड भरून स्तुती केली, तिचं सगळं श्रेय त्या घराच्या पचनशक्तीला आहे.

बाई गेल्या, पुस्तकं विकली गेली आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी जुनी कार्डं जमवणाऱ्या एका दातांच्या डॉक्टरच्या हाती लागलो. या डॉक्टरला पुस्तकं वाचायची नसत, फक्त उलटी धरून झटकायची असत. मी खाली पडलो तेव्हा तो असा ओरडला की दुकानदाराला वाटलं साप निघाला. मी मनात म्हटलं, चला, आता तरी कोणी जवळ घेईल. पण कसलं काय! त्यानं खिशातून चिमटा काढला, श्वास रोखला आणि किडका दात उचलावा तसं मला उचललं.

या छंदाच्या लोकांची एक रीत आहे. कार्ड सापडलं की ते बघायचं नाही, तपासून घ्यायचं. मला एका कंपनीकडे पाठवलं. तिथे पांढरा कोट घातलेल्या एका गृहस्थानं दिव्याखाली भिंग लावून माझे कोपरे, कडा, पाठ, पोट सगळं बघितलं. लग्नाला उभ्या मुलीलाही कोणी इतकं न्याहाळत नसेल. मग मला जाड प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद केलं आणि डबीवर लेबल लावलं : नऊ. दहापैकी नऊ! खाली बारीक अक्षरांत कारण दिलं होतं : 'डाव्या गालावर ठिपका.'

डॉक्टरच्या मुलीच्या परीक्षेचा निकाल त्याच दिवशी लागला होता. तो त्यानं दुसऱ्या दिवशी विचारला.

या ठिपक्यानं पुढे जो धिंगाणा घातला, तो सांगायला माझं एक तोंड पुरणार नाही. डॉक्टरच्या दवाखान्यात दर रविवारी छंदवाल्यांची बैठक भरायची. पेशंटच्या बाकांवर सगळे आपापल्या डब्या मांडीवर घेऊन बसायचे. डॉक्टर म्हणायचा, तो ठिपका नाही, खेळाडूच्या गालावरचा तीळ आहे. तीळ असेल तर तो छपाईचा दोष नव्हे, मग मला दहा मिळायला हवेत. त्याचा साडू गाड्यांच्या अपघाताची नुकसानी ठरवणारा सर्व्हेअर, त्याला दिसेल त्यात खोट काढायची सवय. तो म्हणायचा, शाईचा डाग आहे, नऊ दिले हेच पुष्कळ.

"तीळ गोल असतो. याला बघा, शेपटी आहे," साडू म्हणायचा.

"तुम्ही किती तीळ बघितलेत हो आयुष्यात?" डॉक्टर विचारायचा. "मी रोज माणसांच्या तोंडाशी तोंड लावून काम करतो."

"तोंडाच्या आत बघता तुम्ही, डॉक्टर. गाल बाहेर असतो."

झालं! त्या रविवारपासून दोघांचं बोलणं बंद पडलं. एक तीळ सात जणांनी वाटून खावा म्हणतात, इथे एका तिळावरून दोन घरं फुटली. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्या बिचाऱ्या भाजी आणायच्या निमित्तानं बसथांब्यावर भेटू लागल्या. बैठकीतही दोन तट पडले. तीळवाले खिडकीकडच्या बाकावर बसायचे, डागवाले दाराकडच्या. मी डबीत आडवा पडून ऐकत राहायचो. इतकी डोकी माझ्यावर वाकायची, पण चेंडूकडे कोणी बघितल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांचे डोळे गालावर.

एके दिवशी बैठकीतल्या चष्मेवाल्यानं बातमी आणली. "अहो, हा माणूस जिवंत आहे! गाद्यांचं दुकान आहे त्याचं. मी परवाच उशी घेतली त्याच्याकडून."

सगळ्यांचे हात आपापल्या डब्यांवर गेले. मग कोणीतरी हळूच विचारलं, "जिवंत असला की भाव उतरतो का?" यावर बराच वेळ गंभीर चर्चा झाली. पण डॉक्टर उठलाच. साडूही उठला, कारण डॉक्टरला एकट्याला जाऊ दिलं तर तो काहीही सांगत परत येईल. दोघं एकाच गाडीत बसले, एक पुढे, एक मागे, आणि वाटेत एक शब्द बोलले नाहीत. मी डॉक्टरच्या मांडीवर होतो. ज्याचं तोंड घेऊन मी जगलो, तो मला आज भेटणार होता.

गाद्यांचं दुकान लांबट आणि थंडगार होतं. भिंतीला टेकवून गाद्या उभ्या होत्या, आणि मधल्या एका गादीवर नमुना म्हणून खुद्द मालक आडवा पडला होता. मला ती झोप बघून भरून आलं. उभा जन्म जमिनीवर अंग टाकण्यात घालवलेल्या माणसानं म्हातारपणी मऊ गाद्या विकाव्यात, यापरता न्याय नाही. पण तो उठून बसला आणि आमच्या तिघांचीही पंचाईत झाली. त्याला छातीपर्यंत पांढरी दाढी होती. गाल कुठे आहे तेच कळेना.

डॉक्टरनं सगळी हकिकत सांगून मला पुढे धरलं. गोलकीपर डबीवर वाकला.

"हा मी," तो म्हणाला. "म्हणजे मी खरंच होतो तर."

"होतात म्हणजे? प्रश्नच नाही," साडू म्हणाला. "प्रश्न ठिपक्याचा आहे."

"तुम्हाला नाही कळायचं. क्लब बुडाला, मैदानावर गाड्या लावतात आता. जर्सी उंदरांनी खाल्ली. लग्न झालं तेव्हा खेळ सुटलेला. मी गोलकीपर होतो म्हटलं की बायको म्हणते, हो, आणि मी विमान चालवत होते. गिऱ्हाइकांसमोर म्हणते हो! इतकी वर्षं ऐकून ऐकून मलाच वाटायला लागलं, की आपण ही थापच मारत आलो की काय."

डॉक्टरनं सहानुभूतीनं मान हलवली आणि विचारलं, "दाढी काढता का?"

गोलकीपरनं दाढीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मी माझा चेहरा उघडा करतो. तुम्ही त्याचा करा. डबी फोडून त्याला एकदा माझ्या हातात द्या. बरोबरीचा सौदा."

आता डबी फोडणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवं. डबी फुटली की ग्रेड मेली. नऊ नाहीत, दहा नाहीत, काहीच नाही. दहा मिळवायचे तर तीळ दिसायला हवा, तीळ दिसायला दाढी जायला हवी, आणि दाढी जायला डबी फुटायला हवी. शहाणा माणूस अशा वेळी नमस्कार करून घरी गेला असता.

पण मागून साडू हळूच म्हणाला, "राहू द्या, डॉक्टर. डागच आहे तो."

पुढचं सगळं भराभर झालं. साडूनं शेजारच्या दुकानातून वस्तरा आणि साबण आणला. डॉक्टरनं गोलकीपरला स्टुलावर बसवलं, मान मागे केली, गळ्यात टॉवेल अडकवला आणि सवयीनं म्हणाला, "आ करा." गोलकीपरनं मुकाट्यानं आ केला. केसांचे पुंजके जमिनीवर पडत गेले. डावा गाल मोकळा झाला, तसे दोन्ही साडू नाकाला नाक लावून त्यावर वाकले.

गाल स्वच्छ होता. तीळ नव्हता!

"डाग!" साडू ओरडला. "सांगत होतो मी!"

"कसला डाग?" गोलकीपर आरशात स्वतःला चाचपत म्हणाला. "चिखल आहे तो. पाऊस पडून गेलेला, सगळं मैदान राड झालं होतं. माझी बोलीही विसरू नका."

तीळ नाही आणि डागही नाही. मग डॉक्टरनं दिलेला शब्द पाळला. पक्कड घातली, डबी कडकन फुटली आणि मी बाहेर पडलो. गोलकीपरच्या जाड, खरखरीत बोटांनी मला धरलं. छापखान्यातून निघाल्यापासून एवढा वेळ मला कोणी हातात धरलं नव्हतं. मला रडू आलं असतं, पण माझ्या अंगाला ओल सोसत नाही.

तिकडे डॉक्टर पुटपुटत होता, "चिखल चेहऱ्यावर होता, कार्डावर नव्हता. म्हणजे कार्ड निर्दोष."

"थांबा, थांबा," साडू म्हणाला. "खेळाडूनं तोंड धुतलं नाही, याचा भुर्दंड कार्डानं का सोसावा, असं तुमचं म्हणणं?"

"अगदी बरोबर!"

"मुद्दा आहे, डॉक्टर. मुद्दा आहे हं यात!"

आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या दोघांची गट्टी जमली. कंपनीला काय काय सुनवायचं ते ठरवत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ते निघाले. जाताना फुटलेल्या डबीचे तुकडे मात्र त्यांनी नीट गोळा करून रुमालात बांधले. दारातून डॉक्टर धावत परत आला. मला वाटलं, माझ्यासाठीच. तो वाकला, गादीखाली गेलेलं लेबल त्यानं उचललं, फुंकर मारून खिशात ठेवलं.

"आणि हे?" गोलकीपरनं मला पुढे केलं.

"ठेवा हो तुम्हालाच. डबीबाहेर आलं की तो नुसता कागद," डॉक्टर म्हणाला आणि गेला. मनाला लागलं, खोटं कशाला बोलू?

थोड्या वेळानं गोलकीपरची बायको उशांचे अभ्रे घेऊन आली. दुकानात गळ्यात टॉवेल घातलेला एक गुळगुळीत माणूस उभा बघून ती म्हणाली, "बसा ना. काय दाखवू? कापसाची की स्प्रिंगची?"

"अगं, मी आहे मी!"

तिच्या हातातले अभ्रे खाली पडले. "आवाज तर आमच्या ह्यांचाच! अहो, हे काय करून घेतलंत? आणि तुम्हाला हनुवटी होती?"

त्यानं मला गालाशेजारी धरलं. तिनं चष्मा पुसून घातला. एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, पुन्हा त्याच्याकडे. बोल गं बाई, म्हटलं मी मनात, एवढा एक शब्द बोल.

"हल्ली काय, कोणीही कसलेही फोटो करून देतं," ती म्हणाली.

त्याचा हात खाली आला. मला घेऊन तो गादीवर बसला. तीही शेजारी बसली, बहुधा त्याचं तोंड बघून तिला वाईट वाटलं असावं. तिनं मला त्याच्या हातातून काढून घेतलं आणि जवळ नेऊन निरखलं. आणि जे त्या छंदवाल्यांपैकी एकानंही कधी विचारलं नव्हतं, ते तिनं विचारलं.

"मग? अडवलात का हा बॉल?"

मी कान टवकारले. मलाही ते ठाऊक नव्हतं. मी तर अजून हवेतच होतो.

गोलकीपरनं जमिनीवरचे केस पायानं बाजूला सारले. थाप मारायची तर याहून सोपी वेळ नव्हती. इथे साक्षीला होतो फक्त मी, आणि माझ्यात चेंडू अजून बोटांना लागलाच नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "बोटांना लागून आत गेला. आम्ही हरलो. प्रेक्षकांनी मला चपला फेकून मारल्या."

ती फस्सकन हसली. मग हसता हसता तिनं त्याच्या उघड्या गालावर हात ठेवला.

"तरीच," ती म्हणाली. "खोटं असतं तर अडवला असतात. होतात हो तुम्ही गोलकीपर!"

आता मी दुकानातल्या आरशाच्या चौकटीत खोचलेला असतो. उन्हानं माझं मैदान पिवळं पडत चाललंय, कोपरे दुमडलेत, पाठीवर कोणीतरी गादीचं माप लिहून ठेवलंय. गिऱ्हाईक आलं की बाई मला काढून त्याच्या हातात देतात आणि सांगतात, "हे आमचे. गोल गेला हं, पण उडी बघा!" माणसं उडी बघतात. कधी त्या बाजूला आलात, तर तुम्हीही बघून जा.