डाव्या कोपऱ्यातली ओल

माशांना काही झालेलं नाही, ही बातमी निरीक्षक घरात येणाऱ्या प्रत्येकाला सर्वांत आधी द्यायचे. तीनशे लिटरची काचेची टाकी डाव्या कोपऱ्यातून उकलली आणि भरदुपारी रिकामी झाली. पाणी भिंतीखालून आणि उंबऱ्यावरून शेजारच्या खोलीत घुसलं, तिथली लाकडी जमीन फुगून वर आली, शिलाई मशीन तिरकं झालं, आणि बावीस वर्षं जपलेल्या गिऱ्हाइकांच्या मापांच्या कागदांचा लगदा झाला. पण मासे सुखरूप होते, अकराच्या अकरा. निरीक्षकांनी त्यांना घरातल्या सगळ्या बादल्यांमध्ये काढलं, आणि बादल्या कमी पडल्या तेव्हा बायकोचा कपडे भिजवायचा टबही घेतला. त्यामुळे पाणी उपसायला घरात भांडं म्हणून उरलं नाही.

ही बायको म्हणजे कोटवाल्या काकू. गल्लीत त्यांना दुसऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. ती खोली हेच त्यांचं दुकान. कोट बेतायचे, शिवायचे, बापाचे मुलाला बसतील असे करून द्यायचे, आणि गिऱ्हाइकाचं पोट सुटलं असेल तर तसं न बोलता दोन बोटं कापड सोडायचं. थंडी तोंडावर आली होती. वर्षभराच्या कामातलं अर्धं याच दोन महिन्यांत व्हायचं, आणि मशीन ठेवायला सरळ जमीन नव्हती. पॅडल मारलं की मशीन डगमगायचं आणि टाका वाकडा पडायचा. वाकड्या टाक्याचा कोट काकूंनी आयुष्यात कुणाला दिला नव्हता.

निरीक्षक वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. दुसऱ्यांचे तराजू तपासण्यात हयात गेली, त्यामुळे स्वतःचं काही चुकू शकतं ही शंका त्यांना कधी शिवली नाही. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी मासे पाळले. पाण्याचं तापमान दिवसातून तीनदा वहीत. कोणत्या माशानं किती दाणे खाल्ले, तेही वहीत. काकूंना ताप आला होता तेव्हा मात्र थर्मामीटर कुठे ठेवलाय ते त्यांनी काकूंनाच विचारलं होतं.

घराचा विमा होता. चौथ्या दिवशी विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. खोलीतली एक फळी उचकटून त्यानं खालच्या बाजूला बोट फिरवलं. फळी काळी पडली होती.

"हे एका दुपारचं पाणी नाही वाटत," तो म्हणाला. "बरेच दिवस मुरलेलं दिसतंय."

झालं. निरीक्षकांच्या शब्दावर शंका घेतली म्हणजे काय! "आमच्याकडे अंदाजपंचे काही नसतं साहेब," असं म्हणून ते आत गेले आणि वही घेऊन आले. सर्व्हेअर पानं उलटू लागला तसा निरीक्षकांचा चेहरा खुलला. इतक्या वर्षांत त्यांच्या वहीत कुणी एवढा रस घेतला नव्हता. सर्व्हेअरनं फोटो काढायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी उजेडासाठी पडदासुद्धा सरकवला.

आठवड्याभरात पत्र आलं. गळती अचानक झालेली नसून ती आधीपासून माहीत होती, सबब दावा नामंजूर. आधार काय, तर वहीतली पानं.

मग काकूंनी पहिल्यांदा ती वही उघडली. टाकी फुटायच्या एकोणीस दिवस आधीची नोंद होती. 'डाव्या कोपऱ्यात ओल आढळली. पुसण्यात आली.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. एकोणीस दिवस ओल आढळत होती आणि पुसण्यात येत होती.

"अहो, हे काय आहे?"

"नोंदी आहेत."

"एकोणीस दिवस तुम्हाला माहीत होतं?"

"किरकोळ होतं गं ते."

"आणि मला?"

"तू कामात होतीस," निरीक्षक म्हणाले आणि बादलीतल्या माशांकडे वळले.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायला वेळ नव्हता. त्या पत्र घेऊन थेट विमा कंपनीच्या कचेरीत गेल्या. तिथे चार टेबलांवरून टोलवल्यावर पाचव्या टेबलावर दाव्यांची अधिकारी बाई भेटली. ती जेवणाचा डबा झाकून ठेवून बोलली, यावरून काकूंना ती बरी वाटली.

"पॉलिसी कुणाच्या नावावर आहे?" तिनं विचारलं.

"माझ्या. घर माझ्या आईनं मला दिलंय."

"मग गळती तुम्हाला माहीत होती का, हा प्रश्न आहे. तुमच्या यजमानांना माहीत होतं, त्यानं फरक पडत नाही. विमा तुमचा आहे."

"मला काडीचं माहीत नव्हतं. टाकीला मी हात लावत नाही. लावू देत नाहीत."

"तर मग यजमानांकडून लिहून आणा. ओल कधी दिसली, आणि तुम्हाला का सांगितलं नाही. 'का' महत्त्वाचं आहे, ताई. मोघम लिहिलं तर वरचे लोक म्हणतील, नवराबायकोनं ठरवून लिहिलंय. शुक्रवारपर्यंत आणा."

काकूंना वाटलं, सुटलो. एक ओळ तर लिहायची. जो माणूस माशाच्या शेपटीवरचा ठिपका वहीत लिहितो, त्याला एक ओळ काय जड आहे? पण निरीक्षकांनी कागद पुढ्यात घेतला आणि पेनला जणू घाम फुटला. संध्याकाळी पहिला कागद आला. 'सदर बाब पत्नीच्या निदर्शनास आणून देण्याचे राहून गेले.'

"राहून गेलं म्हणजे? छत्री बसमध्ये राहते," काकू म्हणाल्या. "कारण लिहा."

दुसऱ्या दिवशीचा कागद म्हणत होता, की पत्नी व्यवसायात व्यग्र असल्याने संपर्क होऊ शकला नाही. ज्या बाईच्या हातचं दोन वेळा जेवलं, तिच्याशी संपर्क होऊ शकला नाही! काकूंनी कागदाचे चार तुकडे केले. तिसऱ्या दिवशी तीन पानं आली. त्यात काच जोडणाऱ्या सिलिकॉनचा इतिहास होता, ते बनवणाऱ्या कंपनीवर ताशेरे होते, आणि बायको कुठेच नव्हती.

तोवर दोन गिऱ्हाइकं कापड परत घेऊन गेली. त्यातली एक तर काकूंच्या हातचा कोट घालून पंधरा वर्षं नोकरीला जात होती. "तुमचं सगळं ठीक झालं की येईनच," ती म्हणाली. अशी माणसं परत येत नाहीत हे काकूंना पक्कं ठाऊक होतं.

निरीक्षक मात्र कागदांवर कागद खोडत होते. मान खाली, ओठ मुडपलेले, मध्येच उठून खिडकीशी उभे. काकू स्वयंपाकघरातून बघत होत्या. त्यांना चीड आली होती, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटत होतं. माणसाला निदान लाज तरी वाटतेय. आपल्या हातून काय झालं ते लिहिताना त्याचा हात अडतोय. तीस वर्षांच्या संसारात एवढं मिळालं तरी पुष्कळ, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि गुरुवारी त्यांनी न मागता निरीक्षकांपुढे चहा ठेवला.

शुक्रवारी सकाळी निरीक्षकांनी चिकटवलेलं पाकीट दिलं. "आता कुणी बोट ठेवू शकणार नाही," ते म्हणाले. ते स्वतः आले नाहीत. माशांचं पाणी बदलायचं होतं.

अधिकारी बाईनं पाकीट फोडलं. वाचता वाचता ती थांबली आणि काकूंकडे बघून परत कागदाकडे बघू लागली.

"तुम्ही वाचलंय का हे?"

काकूंनी नकारार्थी मान हलवली. तिनं कागद फिरवून त्यांच्यासमोर सरकवला.

'ओल मला पहिल्याच दिवशी दिसली. टाकी रिकामी करणे आवश्यक होते हे मला समजले होते. टाकी रिकामी केली असती तर दोन मासे दगावण्याची शक्यता होती. पाणी भिंतीखालून पत्नीच्या खोलीकडे जात होते. माझ्या बाजूची फरशी कोरडी होती. त्यामुळे घाई करण्याचे कारण नव्हते. पत्नीला सांगितले असते तर तिने त्याच दिवशी टाकी रिकामी करायला लावली असती, म्हणून सांगितले नाही.' खाली सही आणि तारीख.

"असं स्वच्छ कुणी लिहून देत नाही हो," अधिकारी बाई हळू आवाजात म्हणाली. "तुमचं काम होईल. इथे सही करा. वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे, म्हणून."

काकूंनी पेन उचललं. मजकूर खोटा असता तर किती बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं. नवऱ्यानं त्यांच्यासाठी खोटं लिहिलं असतं तर तेही चाललं असतं. पण निरीक्षक खोटं लिहीत नसत. काकूंनी सही केली.

"खरं आहे ना?" नियम म्हणून तिनं विचारलं.

"अगदी खरं आहे," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पेन परत केलं.

घरी निरीक्षक बाह्या वर करून बादलीशी बसले होते. "झालं का?"

"झालं. सोमवारी सुतार येतील."

"बघ!" निरीक्षकांचा चेहरा उजळला. "आठवडाभर डोकं लावलं. नुसतं 'राहून गेलं' लिहिलं असतं तर त्यांनी मान्य केलं नसतं. कारण असं बसायला हवं की कुणाला प्रश्नच पडू नये. कसं जमलंय? तू वाचलंस ना?"

आठवडाभर काकूंना वाटत होतं, माणूस शरमेनं अडलाय. तो तर मसुदा सुधारत होता. त्यानं लिहिलेलं त्याला टोचलंच नव्हतं, उलट बायकोनं त्याची वाहवा करावी म्हणून तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"वाचलं," त्या म्हणाल्या. त्या फुगलेल्या फळ्यांवरून तोल सांभाळत आपल्या खोलीत गेल्या, आणि आतून कडी लावून तिथेच, वाकड्या मशीनशेजारी, पहिल्यांदा रडल्या.