चार बोटांचा फरक

बैलाची जोड जमवावी तर महिपतनं, असं भीमपूरपासून बाजारहत्नूरपर्यंत कोणीही सांगेल. कोणी नाही सांगितलं तर मी स्वतः सांगतो, कारण महिपत मीच. एखाद्याचा एक बैल गेला की दुसरा गोठ्यात नुसता उभा राहतो. त्याच्या उंचीचा, त्याच्या चालीचा सोबती शोधून आणायचा, हा माझा धंदा. या जुलैपर्यंत वीस वर्षांत मी जमवलेली एकही जोड परत आलेली नव्हती. लग्नं जमवणाऱ्यांनी असं छातीठोक सांगून दाखवावं.

या कामाला मला दोन वस्तू लागतात, सुतळी आणि फोन. गोठ्यातल्या बैलाच्या खुरापासून खांद्यापर्यंत सुतळी धरायची आणि खांद्याशी गाठ मारायची. मग ती सुतळी घेऊन गावोगाव हिंडायचं. ज्याच्या खांद्याशी गाठ बरोबर येईल तो बैल पुढं चालवून पाहायचा. फोनचं काम फक्त रंग आणि शिंगं दाखवण्यापुरतं. माझा फोन सहा वर्षांचा होता. काच तडकलेली, कॅमेऱ्यावर ओरखडे. त्यात काढलेल्या बैलाला लोक कधी कधी म्हैस समजायचे.

माझा भाचा करण, त्याचं आदिलाबादला फोनचं दुकान आहे. जुलै महिन्यात मी सहज डोकावलो तर त्यानं माझा फोन दोन बोटांत धरून उचलला.

"मामा, तुमी एवढे नामी माणूस अन् हा डबा घेऊन काऊन फिरून राह्यले?"

त्यानं एक नवा फोन काढला, माझा फोटो काढला आणि समोर धरला. माझ्या मिशीतला एकेक केस मोजता येत होता. त्यातले पांढरे किती तेही कळलं. तेवढं सोडलं तर फोन मला फार आवडला.

"आठ दिवस वापरून पाहा. जमला तं ठेवा, नाई तं वापस द्या," करण म्हणाला. मग त्यानं मला फोटो काढायला शिकवलं. "जनावराचा फोटो खाली बसून काढाचा, मामा. रुबाबदार येते."

दुसऱ्याच दिवशी राहीबाईचा निरोप आला. बाजारहत्नूरजवळ तिचं चार एकर रान आहे. नवरा नाही, मुलगी चंदा लग्न होऊन निर्मलला गेलेली. शेत ती एकटी करते, आणि चांगलं करते. तिच्या पांढऱ्या जोडीतला मोत्या साप चावून गेला होता, हिऱ्या एकटा उरला होता. कापसाची पऱ्हाटी वीतभर झालेली, ओळींमधलं तण तिच्याही वर चाललेलं. आठ दिवसांत बैल जुंपून ओळींमधली डवरणी झाली नाही तर तण कापसाला गिळणार होतं. गावात सगळ्यांचीच घाई, कोण आपले बैल देतो?

मी निघालो तर बायकोनं, बयनाबाईनं, दारातून आवाज दिला.

"अवं, सुतळी राह्यली ना खुंटीले!"

"राहू दे. आता कायची सुतळी? या फोनात बैलाचा केसन् केस दिसते."

"केसाले जुंपता का मंग?" ती म्हणाली. मी गाडीला किक मारली. बाईमाणसाला नव्या गोष्टीचं कौतुक नसतं, असं मनाशी म्हणालो. हे वाक्य मी आजवर पुन्हा म्हटलेलं नाही.

हिऱ्याचा फोटो मी उकिडवा बसून काढला. काय फोटो आला म्हणून सांगू! पांढराशुभ्र, वशिंड उंच, शिंगं आभाळाला लागलेली. राहीबाईनंही कौतुकानं पाहिला. तिथून परत येऊन मी आमच्याच बाजूच्या धोंडीबाच्या गोठ्यात गेलो. त्याचा पांढरा बैल विकायचा होता. मी फोन वर धरला. स्क्रीनवर हिऱ्या, समोर धोंडीबाचा बैल. रंग तोच, शिंगांचा बाक तोच, कपाळही तसंच. बोटांनी फोटो मोठा करून करून पाहिला, अर्धा तास पाहिला. बैलाच्या अंगाला मात्र हात लावला नाही.

"सुतळी नाई आणली?" धोंडीबानं विचारलंच.

"गरज नाई," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो राहीबाईच्या रानाला लागला. बैल उतरला तशी ती त्याच्याभोवती एक फेरी फिरली.

"भाऊ, उंच दिसून राह्यला हा."

"नवा हाये म्हून तसं वाटते," मी म्हणालो. वीस वर्षांचा तोरा होता, दुसरं काय.

तिनं दोघांना डवऱ्याला जुंपलं. जू एका बाजूला कललं ते उघड्या डोळ्यांना दिसत होतं. नवा बैल चार बोटं उंच. खाली बसून काढलेल्या फोटोत हिऱ्या त्याच्याएवढा झाला होता, जमिनीवर तो होता तेवढाच होता. सगळा भार हिऱ्याच्या मानेवर आला. त्यानं दहा पावलं ओढलं आणि अंग चोरलं. डवरा तिरपा गेला आणि त्याची पास, म्हणजे लोखंडी पातं, तणाऐवजी कापसाच्या ओळीत शिरली. राहीबाईनं ओरडून बैल थांबवले तोवर दोन-तीन हात ओळ आडवी झाली होती.

ती वाकली. तुटलेली रोपं एकेक करून गोळा केली आणि बांधावर ठेवली. वीतभर रोपं, प्रत्येकाला चार-पाच पानं. मी तिच्या शिव्यांची वाट पाहत होतो. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"फोटो तं लय चांगला आला होता, भाऊ," ती म्हणाली.

मला लाज वाटली. अशी लाज मला माझ्या धंद्यात कधी वाटली नव्हती.

"राहीबाई, चूक माही हाये. चार दिवस द्या मले. पाचवा दिवस लागला तं मी स्वतः विळा घेऊन तुमच्या रानातलं तण निंदतो."

बैल त्याच टेम्पोत चढवून मी धोंडीबाकडं पोचता केला. त्यानं फक्त माझ्या रिकाम्या खांद्याकडं, एरवी सुतळी असते तिथं, पाहिलं. घरी आलो तर बयनाबाईला सगळं आधीच कळलेलं. तिनं खुंटीवरची सुतळी काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

पहाटे पुन्हा राहीबाईचा गोठा गाठला. हिऱ्याच्या खुरापासून खांद्यापर्यंत सुतळी धरली, गाठ मारली, ओढून पाहिली. मग दोन दिवस नुसता हिंडलो. अकरा बैलांना सुतळी लावली. कोणाची गाठ खाली, कोणाची वर. बारावा बैल भीमपूरच्या पुढं एका वाडीत सापडला. रंग तांबडा, एक शिंग टोकाला मोडलेलं, कानाला चीर. पण गाठ खांद्याला अशी बसली की मी तीनदा लावून पाहिली. चालवून पाहिला तर चालही हिऱ्याचीच, सावकाश आणि न थांबणारी.

त्याला टेम्पोत घालून बाजारहत्नूरला निघालो. वाटेत आदिलाबाद लागलं. करणच्या दुकानासमोर टेम्पो थांबवला आणि नवा फोन त्याच्या हातात ठेवला. त्याचं तोंड उतरलं.

"काऊन मामा? कॅमेरा खराब निघाला का?"

"लय चांगला हाये. म्हून नको."

"म्हंजे?"

"हे पाह्य. जुन्या फोनातला फोटो पाहून मले कधीच वाटलं नाई, का बैल पाह्यला म्हून. मंग जा लागे, हात लावा लागे. तुह्या फोनातला फोटो पाह्यला अन् वाटलं, झालं पाहून. पोट्टेसोट्टे फोटो काढतेत त्याईले दे हा. मले बैल पाहा लागते."

त्यानं माझं सिमकार्ड जुन्या फोनात घालून दिलं. काच बदलून देऊ का म्हणाला. मी म्हटलं, तीही राहू दे.

राहीबाईनं तांबड्या बैलाकडं पाहिलं, मग पांढऱ्या हिऱ्याकडं, मग माझ्याकडं. तिनं दोघांना जुंपलं. जू सपाट बसलं, त्यावर पाण्याचा गडवा ठेवला असता तरी सांडला नसता. डवरा ओळीच्या मधून गेला तो थेट पलीकडच्या बांधापर्यंत. मागं तण उलटं पडत होतं आणि पऱ्हाटी दोन्ही बाजूंना उभीच्या उभी. पलीकडं राहीबाईनं बैल वळवले तेव्हा हिऱ्यानं मान वाकडी करून तांबड्याचा चिरलेला कान चाटला. मी बांधावर खाली बसलो. पाय दुखत होते म्हणून बसलो असं मी तिला नंतर सांगितलं.

चार ओळी डवरून ती आली, पदरानं तोंड पुसलं.

"भाऊ, जोडीचा एक फोटो काढा. चंदाले पाठवा. मोत्या गेल्यापासून तिच्या जिवाले घोर लागला हाये."

मी खिशातून जुना फोन काढला. या खेपेला उभ्यानंच काढला. समोर ऊन, काचेला तडा, कॅमेऱ्यावर ओरखडे. आला तो फोटो पाहून मलाच कसंतरी झालं. पांढरा हिऱ्या आणि तांबडा सोबती, दोघंही मातीच्या एकाच रंगाचे आले होते. मोडकं शिंग तर दिसतच नव्हतं.

"पुन्हा काढू का?" मी विचारलं.

राहीबाईनं फोन हातात घेतला, पदराच्या सावलीत धरून पाहिला. मग दोन्ही बैलांच्या खांद्यांवरून एक बोट आडवं फिरवलं.

"नका काढू," ती म्हणाली. "उंची बरोबर आली."