हात पसरून म्हटलेलं वाक्य

माझा नवरा रिस्केल्दी बिश्केकला गेला पाण्याचा पंप आणायला, आणि आला स्वतःचा विकास करून. पंप आणलाच नाही. कुठल्याशा सभागृहात टाय घातलेल्या एका माणसाचं शिबिर होतं. तिथे हा बसला, रडला, अनोळखी लोकांना मिठ्या मारल्या आणि शहाणा होऊन आमच्या कोचकोर गावी परतला.

"तोतुया, नुसते धडे ऐकून काही होत नसतं," दारात बूट काढता काढताच त्यानं सुरू केलं. "प्रत्येक धड्याचं आपलं स्वतःचं वाक्य करायचं. 'मी'नं सुरू होणारं. 'करीन', 'होईल' असलं चालत नाही, झालंच आहे असं म्हणायचं. आणि वाक्यात 'नाही' हा शब्द वर्ज्य. मग हळूहळू आपला त्यावर विश्वास बसतो."

"आणि पंप?"

"मी भरपूर पाण्यात राहतो," तो म्हणाला.

एवढ्यावर भागलं असतं तर मीही हसून सोडून दिलं असतं. पण वाक्य चारचौघांत, मोठ्यानं म्हणायचं, असं त्या टायवाल्यानं बजावलं होतं. आमच्याकडे चारचौघं जमतात ती जेवायला. तेव्हा जेवणं आटोपल्यावर, सगळे जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाभोवती बसलेले असताना, यानं घसा खाकरला. आता जेवणानंतर कुणी गंभीर चेहऱ्यानं बोलू लागलं की आमच्या लोकांचे हात आपोआप पसरले जातात. आशीर्वादच असणार, दुसरं काय? सासूबाईंनी पसरले, त्यांच्या थोरल्या भावानं, म्हणजे माझ्या मामेसासऱ्यांनी, पसरले. "मी सगळ्यांना माफ केलं आहे," रिस्केल्दी म्हणाला. "आमीन," सगळे म्हणाले आणि तळवे तोंडावरून फिरवले. झालं! आमीन म्हटलेलं वाक्य मागे घेता येत नाही. टायवाल्याला हे कुणी सांगितलं नसावं. बहुधा तो जेवल्यावर लगेच उठून जात असेल.

दुसऱ्याच दिवशी बेक्तुर हजर. हा आमचा शेजारी. गेल्या वर्षी आमची मेंढी यानंच पळवली, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. "माफ केलंस म्हणे," असं म्हणून तो थेट मानाच्या जागी जाऊन बसला. मी त्याची वाटी चहानं काठोकाठ भरली. आमच्याकडे पाहुण्याला थोडा थोडा चहा ओततात, काठोकाठ भरला म्हणजे आता निघा. पण तो निर्लज्ज, फुंकर मारून सगळा प्यायला.

"वहिनी," मिशी पुसत तो म्हणाला, "मेंढी तशी हाडकुळीच होती हो."

म्हणजे आता आम्हीच त्याची माफी मागायची!

पुढचं वाक्य होतं, "मी सगळं मुबलक बाळगून आहे." आमीन. मग काय, गल्ली दारात. कुणाला शिडी हवी, कुणाला दोर, कुणाला गवत. 'नाही' म्हणायची तर सोय उरली नव्हती. "आहे, आहे," म्हणत हा एकेक वस्तू उचलून देऊ लागला. शेवटी मला स्वतःची कढई हवी असली तरी बेक्तुरच्या बायकोच्या पाया पडावं लागे. त्यानंतर "मी जे माझं आहे ते आपोआप मिळवतो." आमीन. त्याच आठवड्यात घोडी दोर तोडून डोंगराकडे गेली, तर हा ओट्यावर शांत बसून राहिला. घोडी आली नाही. बेक्तुरचे सासरे आले आणि मुक्काम ठोकून राहिले.

मला हसू येत होतं. मग त्यानं मोर्चा माझ्याकडे वळवला आणि माझं हसू पळालं.

मी गुरांची डॉक्टर आहे. लग्न झालं आणि माझी पेटी फळीवर गेली. ही वाक्यं चालू असतानाच जिल्ह्याच्या गुरांच्या दवाखान्यातून निरोप आला होता की सोमवारी रुजू हो, नाहीतर आम्ही दुसरं माणूस बघतो. मी तो सासूबाईंच्या कानावर घातला. त्यांनी चुलीत आणखी एक लाकूड सारलं. मी गेले की पहाटेच्या धारा पुन्हा त्यांच्या गळ्यात पडणार, हे मलाही कळत होतं. मी आशा सोडली नव्हती, एवढंच.

"तुझ्यासाठी छान वाक्य केलंय," रिस्केल्दी म्हणाला. "रविवारी मामा येतायत, तेव्हा म्हण. 'मी माझ्या जागी समाधानी आहे.'"

"कुठल्या जागी?"

"अगं, समोवारपाशी, चहा ओतायला." आणि हे त्यानं इतक्या प्रेमानं म्हटलं की मला लाकूड घेऊन त्याच्या मागे लागावंसं वाटलं.

मी घाबरले होते, खरंच. नवऱ्याचं बोलणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडता येतं. पण मामेसासऱ्यांनी एकदा आमीन म्हटलं की जन्मभर समोवार.

रविवार आला. मांस संपलं, रस्सा पिऊन झाला. बेक्तुरही होता, माफ केलेला, बोटं चाटत. रिस्केल्दीनं मला खूण केली. सगळ्यांनी हात पसरले. त्या दस्तरखानापाशी मी आजवर "अजून घ्या ना" यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं.

"मी सोमवारपासून गुरांच्या दवाखान्यात जाते," मी म्हणाले.



"हे ठरलं नव्हतं," रिस्केल्दी कुजबुजला.

"'मी'नं सुरू होतं. आणि 'नाही' कुठे आहे त्यात?"

"आमीन," बेक्तुर म्हणाला. पण त्याच्या आमीनला कोण विचारतो? सगळे मामेसासऱ्यांकडे बघत होते, आणि ते बहिणीकडे. हात तसेच पसरलेले.

"कुणी हात खाली घेऊ नका," सासूबाई म्हणाल्या. "मलाही एक म्हणायचंय. रिस्केल्दी धारा काढतो."

"आई, स्वतःबद्दल बोलायचं असतं! 'मी'नं सुरू करायचं!"

"बरं. मी धारा काढत नाही."

"'नाही' चालत नाही, आई."

सासूबाई विचारात पडल्या. स्वतःबद्दल काय बोलावं हे त्यांना सुचत नव्हतं. त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं.

"मी सकाळी पोटभर झोपते," शेवटी त्या म्हणाल्या. आवाज इतका हळू, की जणू कुणा श्रीमंत बाईबद्दल सांगत होत्या.



"आमीन," मामेसासरे म्हणाले. "दोघींनाही."

आम्ही तळवे तोंडावरून फिरवले. मी मुद्दाम सावकाश फिरवले, डोळे पुसले गेलेले कळू नयेत म्हणून. रिस्केल्दीचे हात अजून हवेतच होते.

"फिरव की रे बाबा," मामेसासरे म्हणाले.

त्यानं फिरवले. मग आळीपाळीनं आम्हा सगळ्यांकडे बघितलं.

"धारा किती वाजता काढायच्या असतात?" त्यानं विचारलं.

सासूबाई लोडाला टेकल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.