माझ्या रिकाम्या चौकटी

मित्रांनो, मी एक जुनी पोथी आहे आणि स्वभावाने जळकुकडी आहे. का, तेही ऐका.

ऱ्हाइनकाठच्या एका गढीतल्या आईसाहेबांनी आपल्या दोन मुलींसाठी एकाच प्रेमकथेच्या दोन पोथ्या लिहवून घेतल्या. मुलींत भांडण नको, एवढाच हेतू. कथा त्यांच्याच जर्मन भाषेतली, लेखनिक एकच, शाईही एकाच भांड्यातली. प्रसंगाचं नाव तांबड्या शाईने लिहायचं आणि खाली चित्रासाठी चौकट सोडायची, अशी त्या पोथ्यांच्या कारखान्याची रीत होती. चित्रकाराने आधी माझ्या जोडीच्या पोथीला, म्हणजे माझ्या बहिणीला, हातात घेतलं. तिचं शेवटचं चित्र संपलं आणि तो तापाने गेला. ‘येथे सरदार आपल्या सखीचा निरोप घेतो,’ असं माझ्यात लिहिलेलं आहे आणि खाली कोणीच नाही.

रंगीत पोथी थोरल्या रिचेंझाला मिळाली, मी धाकट्या वाल्पुर्गला. पाहुणे आले की ती रंगीत पोथीच मागत. एकदा त्यांची मावशी म्हणाली, “अगं, ही निरोपाच्या चित्रातली सखी म्हणजे आपली रिचेंझाच की. तेच नाक, तीच हनुवटी.”

“आणि मी कुठे आहे?” वाल्पुर्गने विचारलं.

“तू होय? तू त्या घोड्यामागे लपली असशील.”

सगळे हसले. वाल्पुर्ग हसली नाही आणि मीही नाही.

दुसऱ्या दिवशी घरचे प्रार्थनेला गेले असताना वाल्पुर्गने पोथ्यांची पेटी उघडली आणि लेखणी तासायच्या सुरीने त्या सखीचा चेहरा खरवडून काढला. मी शेजारीच होते. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढे रिचेंझाचं लग्न दूर समुद्राकाठी ठरलं. त्या गडबडीत तिने पोथी उघडलीच नाही. गाडीत बसताना मात्र ती वाल्पुर्गच्या हातात ठेवली.

“ही ठेव तुला.”

“ताई, तुझी आहे ती.”

“मला कशाला? मी आरशात बघेन की. तुला माझी आठवण आली, तर निरोपाचं पान उघड. मावशी म्हणते ना, ती मीच.”

वाल्पुर्गने पोथी मिटलेलीच धरून ठेवली. गाडी निघून गेली.

रिचेंझा परत आलीच नाही. पहिल्या बाळंतपणात गेली. तेव्हा वाल्पुर्गने कोळसा घेतला आणि माझ्या रिकाम्या चौकटीत तिचा चेहरा काढायला बसली. नाक जमलं, हनुवटी काही जमेना.

“ही ती नाही,” असं म्हणून तिने मला मिटलं. मग माझ्या बहिणीचं, त्या रंगीत पोथीचं, निरोपाचं पान उघडून खरवडलेल्या जागेवर बोट ठेवून बसली. म्हातारी होईपर्यंत ती तशी बसत असे.

मित्रांनो, पोथीतल्या चित्रावर सुरी चालवू नका, खरवडलेला चेहरा परत येत नाही. आणि माझ्यासारखीला अर्धवट सोडू नका. आज माझ्यात एक चेहरा आहे, बहिणीच्या त्या पानावर नाही. तरी वाल्पुर्ग रडली ती तिच्याच पानावर. माझ्यावर तिचा एक थेंबही पडला नाही, म्हणून मी अजून जळते.