पोचल्याची रिंग

आमच्या घरात मिस कॉल म्हणजे खुशाली. एक रिंग देऊन कट केला की समजायचं, माणूस पोचला. आमचा मुलगा शौनक पुण्याला शिकायला गेला तेव्हापासूनची ही रीत. मी मसुऱ्याच्या बाजारात पोचले तरी घरी अशीच रिंग देते.

यंदा आमच्या ह्यांना कंपवाताने धरलं. उजवा हात थरथरतो, आवाज तर इतका बसलाय की अंगणातली हाक पडवीत ऐकू येत नाही. तरी काजी पिकल्या की काजूच्या बागेत एकट्यानेच जायचं, हा हट्ट. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी विचारलं, पडलात तर कोणाला कळणार? शेवटी शौनकने सिम घातलेलं घड्याळ पाठवलं. त्यावर माझा फोटो. त्याला बोट लावलं की मला फोन.

आधी बोट जरा वेळ टेकवून धरावं लागायचं. ह्यांचं बोट काही टिकेना. घड्याळ काढून माळ्यावर टाकायची भाषा सुरू झाली. मग शौनकने सांगितलं तसं मी सेटिंग बदललं: नुसतं बोट लागलं तरी पुरे. टेबलावर कोपर टेकून ह्यांनी लावून दाखवलं. फोन वाजला, मी उचलला, आणि कितीतरी दिवसांनी ह्यांच्या तोंडावर हसू आलं. मला तर रडूच आलं. बागेला परवानगी मिळाली.

त्या सकाळी मी कुळीथ पाखडत होते. फोन एकदा वाजून कट झाला. हे पोचले, मी म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा तसंच, मग पुन्हा. म्हाताऱ्याला खेळणं मिळालंय, असं मी शेजारच्या सुगंधाला सांगितलंसुद्धा. दोघी हसलो.

पेज निवली तरी हे परतले नाहीत, तेव्हा मी उठले. बागेत गेले तर हे कुंपणाच्या दगडी गडग्याखाली पडलेले. पाय अंगाखाली, ओठ सुकलेले, आणि बोट अजून घड्याळावर आपटतंय. माझ्यासमोरच फोन लागला, माझ्या कमरेला वाजला, आणि तेच थरथरतं बोट फोन बंद करायच्या लाल खुणेवर पडून कट झाला. घरी कोपराखाली टेबल होतं. इथे टेकायला काय होतं?

मांडीचं हाड मोडलं. हॉस्पिटलात शौनकने आणखी एक सेटिंग लावलं. एकदा बोट लागलं की लगेच पुन्हा लागलेलं घड्याळ आता मोजत नाही. म्हणजे ही सोय त्यात पहिल्यापासून होती. मी त्याला फाडफाड बोलले. राग खरा माझ्यावरच होता.

तो चहा आणायला गेल्यावर मी ह्यांच्या उशाशी बसले. म्हटलं, "माका वाटला, तुमी पोचलात."

ह्यांचा आवाज ऐकायला मला कान तोंडापाशी न्यावा लागला.

"माका ठावक होता गो. दर टायमाक फोन कट झालो काय माका वाटा, आता तू आणखी निर्धास्त झालं असतलंस."